रेतीवाल्या मॅडम

रेतीवाल्या मॅडमच्या पर्समध्ये लोहचुंबक असायचं. कंगवा, घराची किल्ली, चष्म्याचं घर आणि घोड्याच्या नालेच्या आकाराचं, लाल रंग उडालेलं एक जड लोहचुंबक. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी पर्स टेबलावर टेकवली की आजूबाजूच्या टाचण्या तिला जाऊन चिकटायच्या. मी नुकतीच रुजू झाले होते. न राहवून विचारलं, तर त्या टाचण्या एकेक करून काढून माझ्या हातात देत म्हणाल्या, "वाळूत लोखंड असतं कधी कधी. आपल्याला दिसत नाही, याला दिसतं." एवढं बोलून त्या मैदानावर निघून गेल्या. खेळाच्या शिक्षिकेचा वाळूतल्या लोखंडाशी काय संबंध, हे मला कळायला बरेच दिवस जावे लागले.

सिल्वासाच्या सरकारी शाळेत मी मराठी शिकवायला आले तेव्हा मॅडम तिथे चांगल्या मुरलेल्या होत्या. त्या श्रीवर्धनकडच्या, मी चिपळूणची, त्यामुळे आमची गट्टी लवकर जमली. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं होतं. दमणगंगेकडून वाळूचे ट्रक यायचे. त्यातला एखादा मॅडम रस्त्यात हात दाखवून थांबवायच्या, चाकावर पाय देऊन वर चढायच्या, मूठभर वाळू तळहातावर पसरून बघायच्या आणि बहुतेक वेळा ती परत टाकून खाली उतरायच्या. ड्रायव्हर लोकांनीच त्यांना 'रेतीवाली मॅडम' केलं. आम्ही शिक्षकमंडळींनी त्यातल्या 'वाली'चं आदरार्थी 'वाल्या' केलं, इतकाच आमचा वाटा.

वाळू लागायची ती नेमबाजीच्या पोत्यांसाठी. खडोलीच्या रस्त्याला गावातल्या काही हौशी मंडळींनी रायफल क्लब काढला होता आणि शाळा सुटल्यावर मॅडम तिथे मुलांना शिकवायच्या. एका बाजूला पत्र्याची शेड, तिच्यात छऱ्याच्या बंदुकांचा सराव चाले. दुसऱ्या बाजूला उघड्यावर खऱ्या गोळीच्या लहान रायफलींसाठी लांब पट्टी होती. पट्टीच्या टोकाला मातीचा उंच बांध आणि बांधाला टेकून वाळूच्या पोत्यांची भिंत. कागदी लक्ष्य पोत्यांच्या पुढे लावायचं. गोळी कागद फाडून पोत्यात शिरते आणि तिथेच थांबते. म्हणजे थांबायला हवी. बघणाऱ्यांचं सगळं लक्ष कागदावर, गोळी मध्यावर लागली की नाही यावर असायचं. मॅडम कागदाच्या मागे बघायच्या. नव्या मुलाचे आईवडील आले की त्या त्यांना आधी पोत्यांपाशी नेत आणि मग बंदुकांपाशी. मुलांना त्यांचं सांगणं ठरलेलं होतं: "नेम चुकला तर चालेल, पोतं चुकता कामा नये."

सिल्वासा म्हणजे कारखान्यांचं गाव. मसाटला जा नाहीतर खडोलीला, प्रत्येक फाटकामागे काही ना काही उरलंसुरलं पडलेलं असतं आणि ते कोणी उचलून नेलं तर मालकाला बरंच वाटतं. मॅडमना पोती भरायची असतात हे कळल्यावर कोणी ना कोणी काहीतरी घेऊन यायचं. सूत कारखान्यातला गुंता, भाताचं तूस, लाकडाचा भुसा, जुन्या टायरचा चुरा. मॅडम कोणालाही तोंडावर नाही म्हणायच्या नाहीत. त्या जमिनीवर पांढरी चादर पसरायच्या, आणलेलं त्यावर ओतायच्या आणि उकिडव्या बसून त्यात काडी फिरवायच्या. आणणाऱ्यालाही शेजारी बसवायच्या. टायरच्या चुऱ्यात बारीक तारा निघायच्या आणि चुंबकाला मिशांसारख्या लटकायच्या. तूस आणि भुसा हलका, गोळी त्यातून आरपार जाईल, शिवाय त्यात उंदीर घर करतील आणि एखादी ठिणगी पडली तर पोतंच पेटेल. सुताचा गुंता बाहेरून गच्च दिसतो, पण गोळीला तो अडवत नाही. हे सगळं त्या इतक्या गोडीने समजावायच्या की आणणारा माणूस आपला माल परत घेऊन जाताना खूश असायचा.

एका कंत्राटदाराने मात्र कमाल केली. वाळू गळू नये म्हणून तिच्यात थोडं सिमेंट मिसळा, म्हणजे वर्षानुवर्षं बघायला नको, असा सल्ला त्याने मोठ्या आपुलकीने दिला. मॅडमनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "मग ते पोतं राहत नाही हो, दगड होतो. दगड गोळी ठेवून घेत नाही, परत देतो."

वाळूतही त्यांच्या आवडीनिवडी होत्या. खडी फोडतात तिथली दगडाची भुकटी त्यांना चालायची नाही. तिच्यातले कण टोकदार असतात, आणि तिची बारीक पूड उडून मुलांच्या छातीत जाते, म्हणून. मातकट वाळूही नको, कारण पावसाळ्यात ती ओली होते आणि उन्हात वाळून तिची ढेकळं होतात. नदीची वाळू आणली की ती धुवायची, शाळेच्या मागच्या फरशीवर वाळवायची, बारीक चाळणीतून चाळायची, वरून चुंबक फिरवायचं आणि मग भरायची. चाळणीत वर राहिलेले गोटे त्या एका घमेल्यात जमवायच्या. शाळेतली तुळस, सदाफुली, मोगरा, सगळ्यांच्या आळ्यांभोवती ते गोटे मांडलेले असायचे. एकदा मी चेष्टेने म्हटलं की पोळ्यांचं पीठसुद्धा मी इतकं निगुतीने चाळत नाही. त्यांनी हसून मान डोलावली आणि चाळणी हलवत राहिल्या. त्यांच्या हाताला एक लय होती. मी वर्गाच्या खिडकीतून ती बघत राहायची आणि पोरं फळ्यावरचं उतरवून घ्यायची विसरायची, कारण तीही तिकडेच बघत असायची.

लहान मुलांच्या बंदुकीखाली टेकू म्हणून छोट्या पिशव्या लागतात. त्यात वाळू भरली तर मुलांना उचलवत नाही, म्हणून मॅडमनी तिथे प्लास्टिकचा दाणा वापरायचं ठरवलं. गोळी काही त्या पिशवीत जाणार नव्हती, तेव्हा इथे हलकं चालत होतं. पण म्हणून कुठलाही दाणा चालत नव्हता. मसाटच्या एका कारखान्यात त्या मला सोबत घेऊन गेल्या होत्या. तिथल्या मॅनेजरने काळ्या, चकचकीत दाण्याची गोणी पुढे केली. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला की हा नवा आहे का वितळवून पुन्हा केलेला. पुन्हा केलेला, असं उत्तर आल्यावर त्यांनी विचारलं की आधी तो काय होता. मॅनेजरला ते सांगता येईना; पिंप असतील, डबे असतील, रसायनांचेही असतील, असं तो म्हणाला. दुसऱ्या गोणीतल्या दाण्यात काचेचा धागा मिसळलेला होता. त्यावर मॅडम म्हणाल्या, "पोर याच्यावर हात टेकणार, गाल टेकणार. जे आधी काय होतं हेच कोणाला सांगता येत नाही, ते मी तिच्या गालाखाली कसं ठेवू?" शेवटी पांढरा, कोरा दाणा देणारा कारखाना सापडेपर्यंत आम्ही उन्हात फिरलो. परतताना रिक्षात त्या मांडीवर तो दाणा घेऊन बसल्या होत्या, एखादीने देवाचा प्रसाद धरावा तसा.

पिशव्यांची आणि पोत्यांची शिवण मात्र सिल्वासातली नव्हती. जाड कॅनव्हासची, दुहेरी टाक्यांची ती पोती कोकणातून एसटीच्या पार्सलने यायची. ती कोण शिवतं हे मी एकदा विचारलं आणि तेव्हाच मॅडमनी त्यांच्या तरुणपणची ती गोष्ट सांगितली. पुन्हा कधी तिचा उल्लेख केला नाही.

कॉलेजात असताना त्या आणि त्यांची मैत्रीण कुसुम नेमबाजीच्या शिबिराला गेल्या होत्या. समुद्रकाठचं गाव. पोती भरायला वाळू हाताशीच होती, ती तशीच भरली गेली, शिंपल्या, गोटे, सगळ्यासकट. दोघी शेजारी शेजारी पालथ्या पडून गोळ्या मारत होत्या. कोणाच्या तरी गोळीचा तुकडा दगडावर आपटून परत आला आणि कुसुमचा डावा डोळा गेला. "वाईट कोणीच नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "सर चांगले होते, शिस्त होती, सगळं होतं. फक्त पोत्यात काय आहे ते कोणी बघितलं नव्हतं." कुसुमताईंनी पुढे लग्न केलं, शिवणाचा वर्ग काढला, आणि मॅडम नेमबाजी शिकवायला लागल्या तेव्हा त्यांनीच कळवलं की पोती मी शिवणार, दुसऱ्या कोणाकडून घेऊ नकोस. मी ते पोतं हातात घेऊन त्याची शिवण बघितली. टाका कुठेही वाकडा नव्हता.

आता त्या स्पर्धेचं सांगते, कारण मॅडम मला खऱ्या अर्थाने कळल्या त्या दिवशी.

क्लबचे अध्यक्ष एक गुजराती शेठ होते. मसाटला त्यांचा कारखाना. मनाने उदार माणूस, आणि त्यांची नातही मॅडमकडे नेमबाजी शिकत होती. त्या वर्षी आमच्या प्रदेशाचा संघ निवडायची स्पर्धा आमच्याच रेंजवर ठरली. बाहेरून पंच येणार होते, अधिकारी येणार होते. शेठना वाटलं, जुनी मळकी पोती बरी दिसत नाहीत. त्यांनी कारखान्यात सांगून शंभरेक नवी पोती भरून घेतली. पांढरीशुभ्र, निळ्या अक्षरांत कारखान्याचं नाव असलेली. मॅडम दोन दिवस शाळेच्या कामासाठी दमणला गेल्या होत्या, आणि त्यांना आनंदाचा धक्का द्यावा म्हणून शेठच्या माणसांनी जुनी पोती उपसून, गाडीत घालून नेली आणि नवी भिंत रचून ठेवली. मी निवेदनाला होते, म्हणून सकाळी लवकर पोचले. खरं सांगते, भिंत फार देखणी दिसत होती.

मॅडम आल्या, लांबूनच थबकल्या. मग सरळ चालत पोत्यांपाशी गेल्या आणि एका पोत्यावर अंगठा दाबला. दुसऱ्यावर दाबला. मी त्यांच्या मागोमाग गेले होते, मलाही आतली करकर ऐकू आली. त्यांनी पर्समधून कात्री काढून एका पोत्याची शिवण उसवली, चादर मागवली आणि पोतं तिच्यावर रिकामं केलं. करड्या रंगाची खडबडीत भुकटी, दगडाचे कोनेदार तुकडे आणि त्यात काहीतरी चमकणारं. चुंबक फिरवलं तेव्हा त्याला लोखंडाचे कपचे लोंबले, काही माझ्या नखाएवढे. मॅडमनी आणखी दोन पोती उसवली. तिथेही तेच. वाळू वेळेवर मिळाली नव्हती, तेव्हा कोणीतरी आवारात पडलेला ढीग भरून टाकला होता. त्या माणसाला पोतं म्हणजे वजन, एवढंच माहीत होतं.

मॅडम उठल्या, शेडमध्ये गेल्या, आणि प्रत्येक रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी पुढे सरकवणारा तो लोखंडी दांडा, काढून आपल्या पर्समध्ये टाकला. बोल्टशिवाय रायफल म्हणजे काठी. मग माझ्याकडे येऊन शांतपणे म्हणाल्या की आज स्पर्धा होणार नाही असं माइकवरून सांगा.

मी सांगितलं. आणि मग जे व्हायचं ते झालं. आईवडील रजा टाकून आले होते, अधिकारी गाडीतून उतरत होते, पंचांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतायचं होतं. पंचांनी भुकटी हातात घेऊन बघितली आणि मॅडमचं बरोबर आहे एवढं म्हणाले, पण त्यांच्या म्हणण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कोणी म्हणालं, इतकी वर्षं कुठे काय झालंय. कोणी म्हणालं, बाईंना शेठचं कौतुक झालेलं बघवत नाही. एका अधिकाऱ्याने तोडगा काढला की एकदा मारून तर बघा, काही होत नाही असं दिसलं की सगळ्यांची खात्री पटेल. मॅडमनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "एक गोळी परत आली नाही, म्हणून पुढची येणार नाही असं मला सांगता येत नाही, साहेब. आणि आलीच, तर ती बघायला मी कोणाला झोपवू तिथे?"

साहेब बाजूला झाले, पण गर्दीचा गलका थांबला नाही. त्या गर्दीतून सुमित्रा पुढे आली. सुमित्रा खेरडीची, वारली कुटुंबातली मुलगी. वडील शेतात राबणारे, आणि त्या दिवशी लेकीची स्पर्धा बघायला धुतलेला सदरा घालून आलेले. मॅडमच्या हाताखाली तयार झालेली ती सगळ्यात चांगली नेमबाज होती, आणि कनिष्ठ गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. संघाची नावं त्याच आठवड्यात पुढे जाणार होती. ती मॅडमसमोर उभी राहिली, डोळे भरलेले, आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी नीट मारीन. एक पण बाहेर नाही जाणार."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू नीटच मारशील गं. तेच तर आहे. तुझ्या सगळ्या गोळ्या एकाच जागी जाणार. आणि त्या जागी काय आहे, ते मी आत्ता बघितलं."

सुमित्राने चादरीवरच्या ढिगाकडे बघितलं. तिचे वडीलही पुढे येऊन वाकले, त्यांनी लोखंडाचा एक कपचा उचलून बोटांत फिरवला आणि लेकीला म्हणाले की मॅडम सांगतात ते ऐक. पालकांपैकी मॅडमच्या बाजूने उभं राहिलेलं ते पहिलं माणूस. मग शेठ आले. ते मघापासून खुर्चीत बसून होते, चेहरा उतरलेला. त्यांनी तोच कपचा वडिलांच्या हातातून घेतला, मागे वळून आपल्या नातीकडे बघितलं, आणि मॅडमना म्हणाले, "मला तर बोलले की रेतीच आहे. आता काय करायचं ते तुम्ही बोला ने."

मॅडमकडे उत्तर तयार होतं. पंच उद्या संध्याकाळपर्यंत आहेत, तेव्हा स्पर्धा उद्या सकाळी घ्यायची. आज पोती भरायची. जुनी पोती गाडीतून परत मागवली. पण ती उपसताना निम्मी फाटली होती आणि त्यांतली वाळू रस्त्याकडेला सांडली होती. शाळेच्या नव्या खोल्यांसाठी नदीची वाळू येऊन पडली होती, ती मुख्याध्यापकांशी बोलून मिळवली. कुसुमताईंनी पाठवलेल्या पोत्यांचा एक गठ्ठा मॅडमच्या घरी होताच. थंडीचे दिवस असले तरी ऊन कडक होतं. रेंजच्या आवारात ताडपत्र्या अंथरल्या आणि वाळू पातळ पसरून वाळत घातली. गावातल्या पिठाच्या गिरण्यांतून आणि घराघरांतून चाळण्या आल्या. मघाशी तावातावाने बोलणारे काही पालक निघून गेले, बरेचसे मात्र बाह्या सरसावून राहिले.

दुपारी कारखान्यांची पाळी सुटली. मसाटला काम करणारे धुळ्या-नंदुरबारकडचे काही कामगार रस्त्याने चालले होते, गर्दी बघून आत आले. त्यांच्यातल्या एका वयस्कर माणसाने काय चाललंय ते समजून घेतलं, डबा एका कोपऱ्यात ठेवला आणि अहिराणीत म्हणाला, "आमी चाळी देतस, मॅडम. तुमी फक्त दाखाडा." मॅडमनी दाखवलं. नाकाला फडकं कसं बांधायचं, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला बसायचं, चाळणीवर राहिलेलं कुठे टाकायचं. त्यानंतर मी जे बघितलं ते पुन्हा कधी बघायला मिळालं नाही. शेठ, शेतकरी, कामगार, शिक्षक, पांढरी कॉलर काळवंडलेले पंच, सगळे एका ओळीत बसून चाळत होते. मॅडम चुंबक घेऊन त्या ओळीतून फिरत होत्या. भरलेलं प्रत्येक पोतं शिवण्याआधी त्यांच्याकडे यायचं, त्या कोपरापर्यंत हात आत घालायच्या, डोळे मिटायच्या, बोटांनी तळ चाचपायच्या आणि मगच मान हलवायच्या. एकदोन पोती त्यांनी परत ओतायला लावली. कोणीही कुरकुर केली नाही. दिवस मावळायच्या आत भिंत उभी राहिली, पहिल्यापेक्षा बुटकी आणि रंगाने मळकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी बोल्ट परत रायफलींत बसवले आणि स्पर्धा झाली. सुमित्राचे पहिले काही नेम बिघडले, रात्रभर तिला झोप आली नव्हती. मग ती सावरली. निवड झालेल्यांत तिचं नाव शेवटचं होतं, पण होतं. पुढे बाहेरच्या स्पर्धेत तिला पदक मिळालं नाही. ती त्याचं दुःख करत बसली नाही. आज ती पोलिसात आहे आणि नव्या भरतीच्या मुलींना बंदूक धरायला शिकवते.

मॅडमना त्या दिवसाचा त्रास झाला नाही असं नाही. शाळेकडे तक्रार गेली, त्यांना खुलासा द्यावा लागला, आणि पुढच्या वर्षीच्या समारंभात व्यासपीठावर त्यांची खुर्ची नव्हती. त्या मागे पालकांत बसल्या. शेठ मात्र बदलले. ते एका रविवारी मॅडमच्या घरी आले, आंब्याची पेटी ठेवली आणि बराच वेळ बसले. मी तिथे होते. त्यांनी माफी मागितली नाही, मॅडमनी मागायला लावलीही नाही. उठताना ते एवढंच म्हणाले की कामगारांचे हात अडकू नयेत म्हणून कारखान्यातल्या यंत्रांवर कोणत्या जाळ्या पाहिजेत ते मी आता स्वतः फिरून बघतो. मॅडम म्हणाल्या, "बघत राहा. बघितलेलं पुन्हा बघायचं असतं." दार लावून घेतल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि आंबे पिकलेत का ते बघायला लागल्या.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांनी श्रीवर्धनला जायचं ठरवलं. जायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी एक काम काढलं. पट्टीवरची पोती रिकामी करायची. आता नव्या माणसाच्या ताब्यात रेंज जाणार होती आणि पोत्यांत साठलेलं शिसं, म्हणजे मुरलेल्या गोळ्या, त्याच्या गळ्यात मारायचं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. शिशाची धूळ वाईट, म्हणून अशा कामाच्या वेळी मॅडम मुलांना आवारातसुद्धा येऊ द्यायच्या नाहीत. मलाही त्यांनी लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला खुर्ची दिली होती. तिथून मी बघत होते. तोंडाला जाड पट्टी, हातात रबरी मोजे, वाळूवर पाण्याचा हबका मारून त्या एकेक पोतं चाळत होत्या. चाळणीत वर राहिलेल्या गोळ्या त्या लोखंडी डब्यात ओतायच्या तेव्हा पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज यायचा. चपट्या झालेल्या, फुलासारख्या उमललेल्या, करड्या गोळ्या. डबा भरला, मग दुसरा भरला.

त्या सगळ्या गोळ्या कोणीतरी मारलेल्या होत्या. थरथरत्या हातांनी, घाबरून, हट्टाने, चुकून. प्रत्येक गोळीमागे एक पोर पालथं पडलेलं होतं. आणि एकही तिथून हलली नव्हती. मी त्या लांबच्या खुर्चीवरून उठून उभी राहिले. का उभी राहिले ते मला सांगता येणार नाही. देवळात आरती सुरू झाली की आपण उठतो, तसं काहीतरी झालं. मॅडमचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, त्यांचं पुढचं पोतं सुरू झालं होतं.

निरोपसमारंभात माइक माझ्याच हातात होता. इतर शिक्षकांबद्दल बोलायला सोपं असतं, इतक्या मुलांना पारितोषिकं मिळाली, इतके निकाल चांगले लागले. मी मॅडमबद्दल बोलायला उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "यांच्या इतक्या वर्षांत रेंजवर काही झालं नाही." लोकांनी पुढचं वाक्य यायची वाट बघितली. मला पुढचं वाक्य सुचलं नाही. मग टाळ्या झाल्या, शाल झाली, नारळ झाला.

वापी स्टेशनवर त्यांना पोचवायला मी गेले, आणि रेंजवरची पंधरावीस मुलंही आली होती. गाडी यायला अवकाश होता. मी मॅडमना म्हटलं, "परवा मला नीट बोलता आलं नाही. जे झालंच नाही, ते लोकांना सांगायचं कसं हेच कळेना."

"सांगायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "काही झालं असतं तर जन्मभर सगळ्यांच्या लक्षात राहिलं असतं. लोक विसरतायत ना, विसरू देत."

गाडी आली, त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. मुलं डब्याबरोबर थोडं पळाली, हात हलवले, ओरडली, मग एकमेकांना ढकलत, हसत परत आली. एकाने दुसऱ्याची टोपी पळवली होती, एकीच्या चपलेचा बंद तुटला होता, आणि सगळ्यांना भूक लागली होती. बाई, वडे घ्या ना, म्हणून ती माझ्या मागे लागली. मी वडे घेतले. बाकावर दाटीवाटीने बसून ती खात होती, भांडत होती, आणि मी त्यांच्या समोर उभी राहून एकेकाकडे बघत राहिले.